हालचाल आढळली

बारी शहरात रात्रीचे अकरा, म्हणजे माझ्या घरी दोन.
उशीखाली फोन थरथरतो: हालचाल आढळली.
पांघरुणातच मी माझी बैठकीची खोली उघडते,
करडी, तळहाताएवढी.
टेबल. मेणकापड. ओतारची खुर्ची.
आणि ऐन भिंगासमोर, घरमालकाच्या ऐटीत,
एक कोळी.
चला, कुणीतरी आहे.

पोलंडला निघताना लेव्हाननं कपाटावर हा डोळा बसवला.
म्हणाला, आई, आता घर तुझ्या खिशात.
सात वर्षं झाली. खिशात घर घालून
मी दुसऱ्यांच्या आयांना न्हाऊ घालते.
रिकाम्या घराचं इंटरनेटचं बिल भरते दर महिन्याला.
बहीण हसते: भिंतींना काय गं बघायचं असतं?

पहिल्या हिवाळ्यात तासातासाला बघायचे.
बर्फ दिसायचा नाही, खोलीच दिसायची;
पण किती पडला ते
खिडकीच्या उजेडावरून कळायचं,
दूध उतू जाणार हे पाठमोऱ्या बाईला कळतं तसं.

आता कमी बघते.
सिन्योरा अडोलोराताचे पाय कोमट पाण्यात असतात,
तेव्हा फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवते.
तिला वाटतं, हे तिचंच घर.
दार लाव, म्हणते, मांजर आत येईल.
लावलं, मी म्हणते.
तिचं मांजर मेल्याला चाळीस वर्षं झाली.
माझं दार मात्र खरंच लावलेलं असतं.

इथंही कपाटावर एक डोळा आहे.
तोरिनोहून तिची मुलगी बघते.
पहिल्यांदा तो डोळा बोलला तेव्हा
माझ्या हातून सूपचा वाडगा पडला:
"नाझिब्रोला, आईची गोळी. आठ वाजून दहा झाले."
तेव्हापासून रडायचं झालं तर
ओट्याकडे तोंड करते,
कांदा जवळ ठेवते.

किल्ली गेनोकडे. शेजारी.
महिन्यातून दोनदा येऊन शेगडी पेटवतो,
भिंतींना ओल धरू नये म्हणून.
आत आला की कपाटाकडे बघून टोपी काढतो.
मला वाटायचं, मला.
मीही इकडून मान हलवायचे.
मग एकदा कांदा चिरताना आठवलं,
कॅमेऱ्याशेजारी ओतारचा फोटो आहे.
सात वर्षं मी नवऱ्याचा मान परस्पर खात होते.

या जानेवारीत घड्याळ चालायला लागलं.
ओतार गेल्यापासून सव्वाचारला अडलेलं,
मीच कधी हात लावला नव्हता त्याला.
मागची चित्रं चाळली:
गेनो स्टुलावर, ऐंशीचा माणूस,
चावी दातांत, एक हात भिंतीवर.
उतरला. हात विजारीला पुसले.
काट्यांकडे थोडा वेळ बघत राहिला, गेला.
मला कळवलं नाही त्यानं.
मीही विचारलं नाही.

फोनचा आवाज वाढवला.
टिक्. टिक्.
सिन्योरानं चमचा खाली ठेवला.
"घरी कुणीतरी आहे," म्हणाली,
आणि केस सारखे करत
ओल्या पायांनी उठायला लागली.

तेवढ्यात कपाट बोललं:
"काय चाललंय तिथं? कसला आवाज आहे?"

उत्तर सुचलं नाही. इटालियन ऐन वेळी पळून जाते माझी.
एका हातानं तिच्या आईला धरलं,
दुसऱ्यानं फोन उचलून त्या डोळ्यासमोर केला.
तोरिनोतल्या तिच्या फोनमध्ये आमचं स्वयंपाकघर,
त्यात माझा हात, हातात काकेशसमधली खोली,
खोलीत घड्याळ.
"माझं," मी म्हणाले.

इलारिया बराच वेळ बोलली नाही.
तिच्याकडे मागं कुणीतरी भांडी घासत होतं.
मग म्हणाली,
"पाच मिनिटं मागं आहे."